दुपदरी झेंडा

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणीतरी धुतलेली गोधडी वाळत घातली होती, आणि त्याच दोरीवर, तिला लागूनच, एक पिवळी ओढणी. वर्षाली तुळशीला पाणी घालायला गॅलरीत आली होती. रहाटणीतल्या या दोन इमारतींच्या मधे जी चिंचोळी फट राहिली आहे, तिच्यातून सकाळी नऊनंतर वारा असा घुसतो की कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा सरकतात. ओढणी दोरीपासून थेट आडवी झाली होती, पलीकडून कुणी टोक धरून ओढतंय अशी. गोधडी मात्र ढिम्म. पाण्यानं जड झालेली, खालच्या काठातून ठिबकत, तिच्यापुरता वारा नव्हताच जणू. वर्षालीनं आधी ओढणीकडे पाहिलं, मग गोधडीकडे, मग पुन्हा ओढणीकडे. तांब्यातलं पाणी संपून गेलं तरी तिचा हात तिरका तो तिरकाच राहिला. एकच दोरी, एकच वारा. तोंडात रोजचं स्तोत्र चालू होतं, ते एका ओळीवर अडकलं. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, आणि पुढे काय येतं ते तिला आठवेना. आठ दिवस जे डोळ्यांपुढं असून दिसत नव्हतं, ते आता एका परक्या बाईच्या दोरीवर उघडं टांगलेलं होतं.

‘झेंडा पडलेला होता’, असं तिनं चौकशीच्या कागदावर लिहून दिलं होतं. सहीनिशी. ते खोटं नव्हतं. देवासमोर उभं राहून पुन्हा सांगायची वेळ आली असती तरी तिनं तेच सांगितलं असतं, आणि खरं म्हणजे रोज संध्याकाळी दिवा लावताना ती ते सांगतच होती. पडलेला होता, मी पडलेला पाहिला. आणि आता या गोधडीनं त्या खऱ्याच्या आतलं खोटं तिच्या हातात काढून ठेवलं होतं.

माणच्या आयटी पार्कातल्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर तिची खुर्ची होती, आणि खुर्चीसमोरच्या पडद्यावर पार उत्तरेतल्या बर्फाच्या डोंगरांतलं एक खोरं. खालचा तळ, वरचा तळ, मधे खिंड. यात्रेकरूंना घेऊन हेलिकॉप्टरं खालून वर जायची, वरून खाली यायची, सहा-सात मिनिटांची उड्डाणं. आणि प्रत्येक उड्डाणाआधी इथून वर्षाली सांगायची, वारा काय म्हणतोय ते. नवरा, नवनाथ, चाकणच्या कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर, तो हसायचा. “आमच्याकडं प्रेस बघायला माणूस लागतो, तुमच्याकडं वारा बघायला. वारा काय पळून जातोय व्हय?” पण बघावाच लागायचा. दोन्ही तळांवर पान हलत नसावं आणि खिंडीत मात्र डोंगरावरून वारा कोसळत असावा, असं दिवसाकाठी एकदा तरी व्हायचं. कॅप्टन जयसिंगनं तिला ते पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मूळचा साताऱ्याकडचा, पन्नाशीला आलेला, फोनवर सुद्धा मिशीला पीळ देत बोलतोय असं वाटायचं. “ताई, तुमचा रावेतचा बंधारा बघितलाय ना? वरनं पाणी कसं काचेसारखं येतं. आणि खाली पडलं की भोवरा. वाऱ्याचं तेच. डोंगर ओलांडला की पलीकडच्या अंगाला कोसळतो. माणसाला वाटतं डोंगराचा आडोसा म्हणजे बरं. अहो, तिथंच मरण.” मग त्यानं खिंडीत कसं शिरायचं तेही सांगितलं. सरळ नाक खुपसायचं नाही. तिरकं जायचं, एका कडेनं, म्हणजे नको वाटलं तर वळायला जागा राहते. “वळायला जागा ठेवली की अर्धा जीव वाचला म्हणून समजा.” तिनं विचारलं होतं, “सर, तुम्ही नेहमी ठेवता?” “लग्नाच्या वेळी राहिली नव्हती,” तो म्हणाला होता, आणि खोलीतले सगळे हसले होते.

खिंडीतलं वारा मोजायचं यंत्र भाद्रपदात वीज पडून गेलं. नवं यायचं होतं, येत नव्हतं. तोवर झेंडा. खिंडीच्या माथ्यावर देवीचं छोटं ठाणं आहे, दगडाचं, माणूस वाकून आत जाईल एवढंच. त्याच्यासमोर उंच खांब आणि खांबावर लाल सुती झेंडा, एकेरी, पातळ, ठाण्याचे पुजारी पंडितजी महिन्याच्या महिन्याला बदलतात तो. यंत्रं येण्याआधी जुने कॅप्टन वर्षानुवर्षं त्या झेंड्यावरच उडले. ताठ झाला तर थांबा, अर्धा उचलला तर बघू, पडला तर या. कॅमेरा त्या झेंड्यावर रोखलेला होताच. आणि का कोण जाणे, यंत्रापेक्षा त्याच्यावरच सगळ्यांचा जीव अधिक होता. वर्षालीचा तर होताच. सकाळी कानाला हेडफोन लावण्याआधी ती पडद्याला हात जोडायची, शेजारच्या मुली आपसात बघून हसायच्या, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. घरी तुळस, इथं खिंड. दोन्ही ठिकाणी तिचा नेम सारखाच होता. जयसिंगचा आवाज यायचा, “वर्षालीताई, देवी काय म्हणते?” आणि ती म्हणायची, “या म्हणते.” किंवा, “थांबा म्हणते.” थांबा म्हटलं की तो एका शब्दानं वाद घालायचा नाही. खाली माणसं रांगेत ताटकळत, वरिष्ठांचे फोन, तरी नाही. “देवी नको म्हणाली की विषय संपला,” एवढंच.

सासूबाईंनाही ती देवी पडद्यावरच भेटली. सगुणाबाई, वर्षाली त्यांना आत्या म्हणते. चाकणजवळच्या गावच्या, शेतं कंपन्यांच्या शेडखाली गेल्यावर लेकाबरोबर इथं रहाटणीत आलेल्या, गुडघ्यांनी पार गेलेल्या, लिफ्ट बंद असली की चार-चार दिवस घरातच. वर्षाली घरून काम करत होती त्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या मागून डोकावल्या. “अगं, ही कोण उभी हाय एवढ्या वाऱ्यात?” वर्षालीनं सांगितलं. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “एकलीच उभी हाय गं. वर छप्पर न्हाई, काय न्हाई.” त्या दिवसापासून सुट्टीच्या सकाळीसुद्धा वर्षालीला खिंड उघडून दाखवावी लागे, आत्या हळदीकुंकवाचं बोट पडद्याला लावायच्या आणि वर्षाली नंतर ते हळूच पुसून टाकायची. मग चैत्रात नवनाथचा हात प्रेसमध्ये गेला. उजवा. दोन बोटं काढावी लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं, तिसऱ्याचं बघू म्हणाले. इस्पितळाच्या व्हरांड्यात आत्यांनी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतील असं वर्षालीला वाटलं, आत्या म्हणाल्या, “वाऱ्यातल्या आई, माझ्या नवनाथचा हात ठेव. तुला भरजरी झेंडा चढवीन.” हात राहिला. बोटं वाकडी राहिली, पण राहिली. आषाढात त्यानं स्वतःच्या हातानं भाकरी मोडली तेव्हा आत्या ताट सोडून उठल्या आणि ट्रंकेतून त्यांनी लग्नातला शालू काढला.

तो झेंडा शिवताना वर्षाली शेजारी होती, हे आता तिला गॅलरीत उभ्या उभ्या बोटांना जाणवलं. सुया ओवून तीच देत होती; आत्यांना सुईचं नेढं दिसत नाही. ती म्हणाली होती, “आत्या, एकेरीच असतो तिथं.” आत्या म्हणाल्या, “एकेरी नगं. वाऱ्यात फाटला तर? देवीचा झेंडा फाटला म्हंजे नवस फाटला.” मग आतून जाड मांजरपाटाचं अस्तर. दोन्ही पदर धरून उलटसुलट धावदोरा, कडेला जर, कोपऱ्यांना आणखी एक एक ठिगळ, जन्मभर टिकावा असा. वर्षालीनं दुसरं टोक धरून ताणून दाखवला होता आणि दोघी त्याच्याकडे बघत बसल्या होत्या, बाळाच्या अंगड्याकडे बघावं तशा. जयसिंग कसल्या बैठकीसाठी माणला आला होता, पुडकं त्याच्याच हाती दिलं. अष्टमीला खांबावर लाल जाऊन डाळिंबी रंग चढला. वर्षालीनं पडद्याचा फोटो काढून आत्यांना पाठवला. तेव्हा वारा नव्हता. पुढचे नऊ-दहा दिवस खिंडीत वारा नव्हताच. झेंडा पडलेला असायचा आणि पडलेलाच बरोबर होता. एकदाही तिच्या मनात आलं नाही की खूण बदलली तर तिचा अर्थही बदलतो. तिला फक्त सुंदर वाटत होतं. देवीच्या अंगावर आपल्या घरचं वस्त्र आहे, एवढंच.

कोजागिरीनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीस. आदल्या रात्री खिंडीत बारीक बर्फ भुरभुरलं होतं. सुती झेंडा असता तर तासाभरात सुकून हलका झाला असता. दोन्ही तळांवर यंत्रं वाऱ्याचा आकडा आठ दाखवत होती, म्हणजे काहीच नाही. “ताई, देवी काय म्हणते?” तिनं पाहिलं. डाळिंबी झेंडा खांबाला चिकटून सरळ खाली. “या म्हणते, सर.” पाच माणसं घेऊन तो खिंडीत शिरला, आणि तिच्या पडद्यावर पांढरा ठिपका एकदम खाली गेला, कुणी वरून हातानं दाबावा तसा. तिरका शिरला होता म्हणून वळता आलं. वळून त्यानं गवताच्या उतारावर हेलिकॉप्टर टेकवलं, शेपटी आपटली. यात्रेकरूंतल्या एका बाईचा हात मोडला, बाकीच्यांना मुका मार. जयसिंगचा मणका मोडला. हे सगळं होत असताना त्या कॅमेऱ्यात झेंडा शांत होता. ती झेंड्याकडेच बघत होती. तिला आठवतं, तिला देवीचा राग आला होता, तू या म्हणालीस ना. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून ती घरी होती. शिक्षा नव्हे, विश्रांती, असं कंपनीचं म्हणणं. उड्डाणं बंद होती. जयसिंग खालच्या शहरात इस्पितळात उताणा पडून एकच सांगत होता, खिंडीत वारा होता, वरून झोत बसला. आणि चौकशीवाले विचारत होते, झेंडा पडलेला, तळांवर वारा नाही, मग तुम्हालाच तेवढा वारा कसा लागला? उताराच्या फार जवळून गेलात, असं ते आता कागदावर लिहिणार होते. तीस वर्षं डोंगरात उडालेल्या माणसाच्या नावापुढं. आणि घरात आत्यांनी भात सोडला होता. कॅप्टन उठून चालेल तेव्हा खाईन. पण रडत नव्हत्या, उलट दारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, “झेंड्यानंच वाचवलं त्यांना. एवढं इमान पडलं, पर एक जीव गेला न्हाई. माझा झेंडा व्हता ना वर.” शेजारच्या शालनबाईंनी तर स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणासाठी तसाच झेंडा बोलून टाकला होता. वर्षाली ते ऐकत पोळ्या लाटायची. तिलाही ते खरं वाटत होतं. आज सकाळपर्यंत.

गॅलरीचं दार लोटून ती आत आली तर फोन वाजत होता. ऑफिसातले वरिष्ठ, निरंजन सर. त्यांचा स्वभाव वाईट नाही, घाई वाईट. “वर्षाली, आज तीनला व्हिडिओवर चौकशी. सरकारकडून त्या बाई असतील, मी असेन. लिहून दिलंयस तेच वाचायचं. झेंडा पडलेला होता. पुढं एक शब्द नाही, मागं एक शब्द नाही.”

“सर, जयसिंग सरांचं काय होईल?”

“अगं, त्यांचं वय काय, पाठीत सळया घातल्यात, ते आता कुठं उडणार आहेत? परवाना राहिला काय, गेला काय. तू नको मनाला लावून घेऊ.” मग आवाज खाली आणून, चांगली बातमी द्यावी तसं ते म्हणाले, “आणि उद्या सकाळी सातला पहिलं उड्डाण. दिवाळीची गर्दी आहे. तू ये ऑफिसला. यंत्र अजून आलं नाही, पण तुझा झेंडा आहे ना.”

“सर, तो झेंडा...” ती म्हणाली.

“हां?”

देवघरासमोर आत्या वाती वळत बसल्या होत्या. मांडीवर कापूस, अंगठा आणि बोट यांच्यात तो फिरत होता, आणि फोनवर काय चाललंय इकडे त्यांचं निम्मं लक्ष होतं. “काही नाही,” वर्षाली म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, खिंडीत सरळ नाक खुपसलं मी. दोन्ही बाजूंना कडा. सांगितलं तर या बाईचा नवस, या बाईचा शालू, या बाईचा हा एवढाच देव, त्यानं एका माणसाची पाठ मोडली असं सांगायचं. नाही सांगितलं तर तो माणूस जन्मभर उतारावर चुकून आदळलेला कॅप्टन. आणि उद्या सातला तीच खुर्ची, कानात कुणाचा तरी नवा आवाज, ताई काय म्हणते देवी, आणि खांबावर ते ओलं जड वस्त्र. घर एवढंसं. स्वयंपाकघरातून गॅलरीत अकरा पावलं, गॅलरीतून स्वयंपाकघरात अकरा पावलं. ती चालत राहिली. कुकरची शिट्टी झाली, ती कुणाच्या घरात झाली तेही तिला कळलं नाही.

मग तिला एक फट दिसली. झेंडाच उतरवला तर? गुपचूप. पंडितजींना फोन करायचा, सांगायचं, तो जुना सुती पुन्हा लावा. उद्याची माणसं वाचतील, आत्यांना कळायचं कारण नाही, तीन वाजता जे लिहिलंय ते वाचायचं. राहता राहिला जयसिंग. त्याचं नाव मनात आलं तसं तिनं ते बाजूला सारलं, आणि सारताना तिला स्वतःचा हात दिसला इतकं ते स्पष्ट होतं. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून तिनं पंडितजींना फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा घोंगावा, त्यात त्यांचं हिंदी तुटक तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बेटी, नवसाचा झेंडा मला उतरवता येत नाही. फाटला तर देवी सोडवते, नाहीतर ज्यानं चढवला त्याच्या तोंडून शब्द यावा लागतो. माताजींना सांग, त्यांनी एकदा उतरव म्हणावं, मी लगेच उतरवतो. वर्षाली नळाकडे बघत राहिली. फाटू नये म्हणून तर दोन पदर घातले होते.

दीड वाजता ती आत्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. आत्यांनी वातींचं तबक सरकवून तिला जागा केली.

“काय गं? सकाळधरनं येरझाऱ्या घालतीस. नवनाथ काय बोलला का?”

“नाही, आत्या. झेंड्याचं बोलायचंय.”

“बोल की.”

तिनं सांगितलं. ओढणी आणि गोधडीपासून सुरुवात केली. हात धरून त्यांना गॅलरीत नेलं. गोधडी अजून तिथंच होती, आता खालचा काठ थोडा हलत होता. आत्यांनी दोन्ही बघितलं. शेतात जन्म गेलेली बाई. वारा आणि कापड त्यांना समजवावं लागलं नाही. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि वर्षालीनं बोलणं संपवल्यावरही उभ्याच.

“म्हंजे वारा व्हता,” त्या म्हणाल्या.

“होता.”

“आन् माझ्या झेंड्यानं सांगितलं न्हाई.”

“त्याला सांगता आलं नाही, आत्या. भिजला होता.”

“म्या जड केला त्याला.” खाली भंगारवाल्याची हाक फिरत फिरत लांब गेली. “एकेरी असतो म्हणाली व्हतीस तू.”

“मी एकदाच म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. मला तरी कुठं कळलं होतं? मलाही तो आवडला होता.”

आत्या आत येऊन खाली बसल्या, गुडघे धरून, टप्प्याटप्प्यानं. “मग आता?”

“पंडितजींना तुम्ही सांगायचं. उतरव म्हणून. उद्या पुन्हा माणसं जाणार आहेत.”

आत्यांचा चेहरा तेव्हा पालटला. याच्याआधी त्या ऐकत होत्या, आता भ्यायल्या. “उतरव म्हणू? मी? माझ्या तोंडानं?” त्यांनी आवाज एकदम खाली आणला, देवघरापर्यंत जाऊ नये असा. “अगं, हात दिलाय तिनं. दिलेलं वस्त्र माघारी घेतल्यावर ती म्हणंल, मग माझंबी माघारी दे. आत्ता त्यो प्रेसवर उभा असंल. आत्ता, ह्या घडीला.”

देवी तशी नसते, असं वर्षालीला म्हणता आलं असतं. पण ती कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे असं आज सकाळपासून तिला वाटत नव्हतं. तिच्याही डोळ्यांपुढं प्रेसचा तो जबडा आला, वर गेलेला, आणि खाली नवनाथची वाकडी बोटं. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, अजून दीड तास बाकी होता. तिनं स्वतःला हेही विचारताना पकडलं, की दीड तास थांबलं तर? तो घरी आल्यावर उतरवला तर? देवाशी घड्याळाचा सौदा. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरीही ती थांबायला तयार होती. आत्यांनी तबकातली एक वात उचलली, पुन्हा वळली, पुन्हा ठेवली. मग आत्या म्हणाल्या, “त्या कॅप्टनला आई हाय का गं?”

“माहीत नाही, आत्या.”

“असंल तर तीबी नवस बोलली असंल.” त्यांनी हात पुढे केला. “लाव फोन.”

पंडितजींना मराठी येत नाही, आत्यांना हिंदी येत नाही. आत्या फोन दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून म्हणाल्या, “उतरव, बाबा. माझी चूक झाली. आईला सांग, राग धरायचा तर माझ्यावर धर, लेकरावर नगं.” पलीकडून फक्त “जी माताजी” आलं. किती कळलं, काय कळलं, देव जाणे.

तीनला पाच मिनिटं असताना वर्षालीनं लॅपटॉप उघडला. एका चौकटीत निरंजन सर, एका चौकटीत सरकारी बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. तिसरी चौकट काळी, तिच्यात नुसतं नाव, जयसिंग. तोही असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाजूला लहान करून तिनं खिंडही उघडून ठेवली होती. पंडितजींची ठेंगणी आकृती खांबापाशी दोरी सोडत होती. झेंडा गुंतला, सुटला, ढिगासारखा त्यांच्या हातांत आला. एकट्याला आवरेना तेव्हा त्यांनी तो खांद्यावर टाकला. मग नुसता खांब. पातळ झेंडा त्यांच्याजवळ उरला नव्हता, नवा खालून यायचा होता.

“तुमचा जबाब वाचा,” सरकारी बाई म्हणाल्या.

“मॅडम, त्यात एक राहिलंय,” वर्षाली म्हणाली. तिचा आवाज आरती म्हणतानासारखा, हळू आणि सरळ निघाला. “झेंडा पडलेला होता हे खरं. पण तो नेहमीचा झेंडा नव्हता. नवसाचा होता, दुपदरी, आत मांजरपाटाचं अस्तर. रात्री बर्फ पडलं, तो भिजून जड झाला होता. वारा असता तरी तो हलला नसता. मला ठाऊक होतं तो कसा शिवलाय. मी तरीही या म्हटलं.”

“वर्षाली,” निरंजन सर म्हणाले.

“थांबा हो,” बाई म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर आला. “मग त्या वेळी खिंडीत वारा किती होता?”

“मला माहीत नव्हतं. मी ते सांगायला हवं होतं. आत्ताही माहीत नाही, खांब मोकळा आहे. उद्या सातला कुणी उडू नये.” निरंजन सरांनी कपाळाला हात लावला. “कॅप्टन चुकले नाहीत. चुकलेलं बघणं माझं होतं.”

काळ्या चौकटीत काहीतरी खरखरलं. मग आवाज आला, जयसिंगचाच, पण छातीतून न निघता घशातूनच निघणारा, आडव्या माणसाचा. “मॅडम, माझंही लिहून घ्या. तो झेंडा मीच नेला होता वर. हाताला जड लागला होता मला. तेव्हाच मनात आलं होतं, हा कसला उडतोय. पण देवाचं म्हणून बोललो नाही.”

“आठ दिवस आम्ही तुम्हाला विचारतोय, कॅप्टन,” बाई म्हणाल्या. “एकदाही नाही सांगितलंत.”

“ताईंच्या सासूबाईंचा नवस होता. माझी पाठ काय, मोडली ती मोडली. म्हटलं म्हातारीचा देव कशाला मोडा.”

आत्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर्षालीला त्या उठताना ऐकू आल्या, आधी हात जमिनीवर, मग गुडघ्याचा कट्ट आवाज. त्या येऊन लॅपटॉपसमोर वाकल्या आणि डोळे बारीक करून एकेक चौकट बघू लागल्या.

“ह्यातला कंचा त्यो?”

वर्षालीनं काळ्या चौकटीवर बोट ठेवलं.

“लेका,” आत्या त्या काळ्याला म्हणाल्या, “माझा देव एवढ्यानं मोडत न्हाई. तू खरं लिवून दे.”

आवाज खणखणीत होता, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ऐकू जावा असा. पण तोल सावरायला त्यांनी वर्षालीच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि बोलून होताच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. वर्षालीनं त्या हातावर आपला हात ठेवला, दाबून धरला. घड्याळात तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. नवनाथची पाळी सुटायला अजून एकोणीस मिनिटं होती.